पातेल्याचं झाकण

यादीत एकच गोष्ट होती:
दुधाच्या पातेल्याला झाकण.
जुनं कुठं गेलं ते रुंजीला माहीत आहे.
विचारलं की म्हणते, "भूर."

तिची आई सातपूरला, पहिल्या पाळीत.
म्हणून मी, छत्री, मापाला घेतलेलं पातेलं
आणि पावणेदोन वर्षांची ही बाई,
जिला रेनकोट नको, कडेवर नको, खाली नको.
पाऊस हवा. तोही मुठीत.

तीन दिवस झाले, थांबायचं नाव नाही.
रविवार कारंजाला रिक्षातून उतरलो
आणि पहिलं रडू तिथंच फुटलं.
कारण नीट कळलं नाही.
मुठीतला पाऊस सांडला होता, बहुतेक.

खिशात बिस्किटं होती, ओली.
खुळखुळा घरी.
मला येणारे सगळे प्राणी ओरडून झाले,
गाढवावर तर शेजारचा फुलवालाही वळून बघायला लागला.
शेवटी पातेलं उचललं
आणि तिच्या डोक्यावर उपडं घातलं.

एकदम गप्प.
आत काय वाजत होतं कोण जाणे.
छत्री जराशी बाजूला केली,
टण, टण, टणटण,
आणि ती काठाखालून माझ्याकडे बघायला लागली,
जसं काही हे आभाळ मीच बनवलं.

मेनरोडभर लोक बघून हसत होते.
चिवड्याच्या दुकानातल्या पोरानं
हात लांबवून मूठभर मुरमुरे दिले.
एक तिला, एक मला, एक पावसाला.
पावसाचा ती इमानदारीत रस्त्यावर टाकत होती.

आज प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न.
छत्र्या एकमेकींना अडत होत्या आणि विचारत होत्या,
"दुतोंड्याला कुठपर्यंत आलं?"
"मांड्यांना."
"छे, कमरेला. गंगापूरमधून सोडलंय अजून."
रुंजीनं ऐकलं असावं.
मी आपलं सहज विचारलं, मारुतीला पाणी कुठपर्यंत?
तिनं स्वतःच्या गुडघ्याला हात लावला.
आणि आता?
पोट.
आणि आता?
नाक!
मग शिंकली, आणि पूर ओसरला.
भांडी बाजार येईपर्यंत
गोदावरी अशी अकरा वेळा चढली आणि उतरली.

तांबटकाकांनी पातेलं तिच्या डोक्यावरून उतरवलं,
म्हणजे तिनं उतरवू दिलं, मला देत नव्हती.
उलटं केलं, सुलटं केलं, काठावर बोट फिरवलं.
"हे माप आता येत नाही हो."
तरी सतरा झाकणं खाली मांडली.
सतरा मी मोजली. तिनं प्रत्येक वाजवून पाहिलं.
मोठं बसेना, लहान आत पडे,
आत पडलं की टाळ्या.
दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं,
बाहेर पन्हाळीची धार जाडजूड,
आणि काका, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही,
म्हणाले, "हं, आता हे बघ बरं."
अठरावं.
तेही नाही.

निघायचं म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं.
ती जमिनीवर आडवी,
मी झाकणांत गुडघ्यावर,
काका खोक्यात काहीतरी शोधत.
एक पळी दिली, पितळी, दांडा वाकलेला.
"पैसे?"
"असू द्या. विकली जात नव्हतीच."

परतीच्या रिक्षात ती पळीनं रिक्षा ढवळत होती.
रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, काय शिजतंय?
"भूर," ती म्हणाली
आणि पुढच्या सिग्नलला झोपली.
मांडीवर पातेलं,
पातेल्यात बोटभर पाणी, दोन मुरमुरे,
वर तिचा हात, पालथा.
बसत नव्हताच तोही.

घरी आलो. दुधावर ताटली ठेवली,
रोजच्यासारखी.
संध्याकाळी तिच्या आईनं विचारलं,
झाकण मिळालं का?
मी म्हणालो, कमरेपर्यंत.