घट

बाटली उभी ठेवायची. आडवी ठेवली
की आतली ब्रँडी बूच खाते, गुपचूप,
वाळवी चौकट खाते तशी.
भालूमामाने हे सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांचा,
आणि हे घरी सांगायचं नव्हतं.

खडकीच्या फॅक्टरीत तो गेज तपासायचा.
तोफगोळ्याच्या तोंडाला केसभर फरक चालत नाही,
मग चेरी ब्रँडीला का चालावा?
दर सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन उरकून,
गोदरेजच्या कपाटातून, मामीच्या शालूंमागून
तिला काढायचा, फडक्यातून सोडवायचा,
खिडकीशी धरून व्हर्निअर लावायचा
बुडापासून पातळीपर्यंत.
वहीत रकाने: तारीख, माप, घट, कारण.

०.४. बूच.
०.३. बूच.
०.५. बूच, शिवाय मे महिना.
मेणाचं सील शाबूत, तरी थोडं जातंच, म्हणायचा,
पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापतात तसं,
फक्त हे रिटायर झाल्यावर परत मिळत नाही.

परवाना होता त्याच्याकडे, प्रकृतीच्या कारणास्तव.
प्रकृती ठणठणीत, प्यायला कधीच नाही.
आधी परवान्याची मुदत संपली, मग त्याची.

काल औंध रोडच्या फ्लॅटवर मामीने बोलावलं.
"एक्याऐंशी झाली मला. कुणासाठी ठेवू आता?"
मेण सुरीने खरवडलं. स्क्रू फिरवला
तर बुचाचा भुगा, निम्मा आत.
मग चहाची गाळणी, तिच्यावर चक्क्याची मलमल,
आणि थेंब थेंब उतरली:
लाल कुठली, विटकी,
खजूर भिजवलेल्या पाण्याची.
वास आधी डांबरगोळीचा. जरा थांबल्यावर
कडू बदाम.

गळेपर्यंत मी वही चाळत होतो.
शहाऐंशीचा जानेवारी. घट: ११.२.
"अकरा मिलीमीटर? एका वर्षात?"

मामीने स्टीलची वाटी खाली ठेवली.
"चार रात्री," म्हणाली. "घोट घोट.
मेणबत्ती वितळवून सील पुन्हा केलं होतं,
रंग जमेना म्हणून कुंकू घातलं."
कुठल्या रात्री ते तिने सांगितलं नाही,
मीही फ्रीजच्या आवाजाकडे लक्ष दिलं.
"त्याला कळलं नाही ना रे?"

मी वही तिच्याकडे सरकवली.
चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला.
कारणाच्या रकान्यात, त्याच्या त्या आखीव अक्षरात:
मोजणाऱ्याची चूक.

एकतीस वर्षं नोकरी. त्याच्या मापावर
एकदाही शेरा आला नव्हता.

तिने बोट त्या ओळीवरून उचललं नाही.
दुसऱ्या हाताने वाटी तोंडाला लावली.
"कडू झालीय," म्हणाली.
"तेव्हा गोड होती."

उरलेली मी खोकल्याच्या औषधाच्या
दोन छोट्या बाटल्यांत भरली, गळ्यापर्यंत;
मोठीत ठेवली तर वर हवा राहते,
आणि हवा बुचापेक्षा भरभर खाते.
दोन्ही उभ्या ठेवल्या. शालूंमागे.
मामी म्हणाली, "मागे कशाला? पुढे ठेव."