साखळी मोजताना

लोखंडी पट्टी, सुताराकडची.
शून्याची रेघ पुसली गेली आहे,
म्हणून मी एकापासून मोजतो.
एक पिन एकावर. बारा दुवे सोडून पुढची पिन तेरावर आली
तर साखळीला वय नाही.
अर्धं सूत पुढे सरकली तर साखळी बदलायची.
सबंध सूत सरकली
तर मागची चक्रंही तिने आपल्यासोबत नेली, असं धरून चालायचं.

आज अर्ध्या सुताला केसभर कमी आहे.
बरं झालं.
तासिकांचं बिल जुलैचं अडकलंय,
आणि बाहेर चोपड्यात डिसेंबरची थंडी.

साखळी ताणली, असं मीही म्हणायचो.
भिकन मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी थांबवलं.
लोखंड कुठे ताणतं, सर?
आत पिना झिजतात. एकशे चौदा ठिकाणी, जराजराशा.
बाहेरून नुसती लांबी दिसते.

सायकल भुसावळच्या एका लोको पायलटची, बदली झालेल्या.
चार हजार, दोन हप्त्यांत.
गिअरची सायकल मिस्त्रींनी तोवर उलटी केली नव्हती.
अर्धा तास पेडल हाताने फिरवत
मागचं डिरेलर इकडून तिकडे जाताना पाहत बसले,
चहा गार झाला,
मग म्हणाले, आखो चाली जाई.

त्यावर तीन वर्षं काढली.
धुवायला डिझेल, दात घासून थकलेला ब्रश.
काळी माती ओली असताना हात लावायचा नाही,
वाळली की ढेकळासारखी आपोआप सुटते.
छर्रे हार्डवेअरमधून, डझनावर. दोन जास्तीचे,
कारण दोन हमखास फरशीवरून कपाटाखाली जातात.
ग्रीस ट्रॅक्टरच्या गॅरेजातलं, श्रीखंडाच्या डब्यात.
बाभळीच्या काट्यांसाठी
जुना टायर कापून नव्याच्या पोटात अस्तर.
तेल कमी, पुसनं जास्त,
हे मिस्त्रींचं; मी नुसतं पाळतो.

पैसे आले तेव्हा मला पुढचा फोर्क हवा होता.
रात्री रात्री फोनवर त्याचे फोटो मोठे करून पाहिलेले,
बोटाने त्याचा रंग पुसून पाहिलेला.
मिस्त्रींनी ब्रेकची गुटकी काढून माझ्या तळहातावर ठेवली.
पत्रा लागला होता.
आधी थांबता येऊ द्या, म्हणाले.
फोर्क अजून तोच आहे. दाबला की म्हातारा खोकतो तसा खोकतो.

डिरेलर मात्र गेल्या वर्षी बदललं. अकराशे पन्नास.
जुनं, वाकलेल्या पट्टीचं,
खालच्या चाकाचा एक दात तुटलेलं,
दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात टाकून विसरलो.

परवा रविवारी वैजापूरच्या चढावर,
सागाची पानं रस्त्यावर पापडासारखी मोडत असताना,
मागून आवाज आला.
टक्. मग थोडी शांतता. टक्.
हा आवाज मी दोन वर्षं मांडीखाली वागवला होता.
झोपेतही ओळखला असता.

जामसिंग पावरा, अकरावीतला, माझ्याच वर्गात मागे बसतो.
काळी सायकल, मागे तीन चक्रं कुठल्या तरी भंगारातली,
त्यांवर माझं डिरेलर,
आणि गिअर बदलायला दांड्यावर
मोपेडच्या चोकचा खटका.
कॅरिअरवर धाकटा भाऊ, त्याच्या मांडीवर पीठाची पिशवी.
मिस्त्रींनी मला काही सांगितलं नव्हतं.
घेतले किती, तेही नाही.

मी सगळ्यात हलक्या गिअरवर होतो.
त्याने खटका ओढला, साखळी मोठ्या चक्रावर चढली,
थोडी कुरकुरली, बसली.
शेजारून जाताना तो माझ्या मागच्या चाकाकडे वाकून बघत म्हणाला,
सर, हवा कमी शे.

टक्.
पुढच्या वळणापर्यंत मी ती मोजत राहिलो,
मग उतरून पंप काढला.