न कापलेलं गवत

मशीन बंद केलं तरी पातं फिरत होतं अजून,
आणि ते वीतभर पलीकडे,
काजूच्या सुकल्या पानांत,
कान पाठीला चिकटवून.
कपाळावर पांढरा ठिपका,
कुणी चुन्याचं बोट पुसून गेल्यासारखा.

पळालं नाही.
मला वाटलं, पोरकं आहे.
मला वाटलं, गारठलंय.
त्या दिवशी मला बरंच काही वाटत होतं.

शर्टाच्या आत घेतलं, पोटाशी.
रिवणचा उतार, खड्ड्यामागून खड्डा,
आणि बरगडीला लागून त्याचं काळीज
शिवणयंत्रासारखं, दोरा संपला तरी चालूच.

घरी दूध कोमट केलं, ड्रॉपर धुतला.
थेंब त्याच्या ओठावरून माझ्या मनगटावर.
तोवर शर्वाणीने नाव ठेवलंसुद्धा: बोंडू.
खोक्याला भोकं पाडली, आत माझा जुना बनियन.

मिंगेल कुंपणावरून वाकला.
चाळीस वर्षं हा माणूस
डोक्याला बॅटरी बांधून सशांमागे फिरला.
आता गुडघे गेले;
इलेक्शनला जमा केलेली बंदूक
परत आणायला गेलाच नाही.
म्हणाला, "आवय दिसाची येना रे.
काळोख पडला की एकदाच येते, पाजते, जाते.
जवळ बसली तर कोल्ह्याला वास लागेल ना.
टाकते ती राखायला."
हे तुला कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही.
तो आपल्या बोटांकडे बघत राहिला.

दुपारभर मी ज्याला वाचवणं म्हणत होतो
त्याला सड्यावर दुसरा शब्द असणार.
मिंगेलने तो उच्चारला नाही,
एवढा त्याचा चांगुलपणा.

साडेपाचला निघालो. शर्वाणी रुसून आत.
मिंगेल मागे बसला, गुडघे कण्हत.
जागा सापडली सोपी:
माझं काम जिथे अर्धवट थांबलं होतं
तिथे कापलेल्या आणि उभ्या गवताची सरळ रेघ.
हाताला कुड्याचा पाला चोळला, ठेवलं.
ते बसलं, जसं सकाळी बसलं होतं.
मधला सगळा दिवस घडलाच नाही जणू.

आम्ही लांब, चिऱ्याच्या खाणीच्या कडेला.
खालून कपेलाची घंटा आली,
मिंगेलने कपाळाला बोट लावलं.
मग काळोख. मग गवतात काहीतरी.
वारा म्हणायचा तर वारा नव्हता.
माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला,
त्याने मनगट धरलं:
"बॅटरी मारूं नाका."

सकाळी तिथे तळहाताएवढा खळगा होता,
रिकामा, आणि गवत चेपलेलं.
याचे दोन अर्थ होतात.
शर्वाणीला मी एकच सांगितला.

भाटकार आठवड्याने आला, बाग फिरला.
हा मधला पट्टा कसा राहिला, म्हणाला.
पेट्रोल संपलं, मी म्हटलं.