वाघळ्याचा डाव

दिवसभर मी रक्त काढते,
आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत,
जिथे पंख्याला दोनच वेग आहेत, बंद आणि वादळ.
पोरं विचारतात, किती काढता बाई?
दोन मिली, मी म्हणते. अर्धा चमचा चहा.
शनिवारी रात्री मात्र पोटभर पिते.

सिंदेवाहीच्या अलीकडे, धानगिरणीच्या गोदामात
कोंड्याच्या पोत्यांवर बसतो आम्ही चौघं.
मधोमध पुस्तकाची झेरॉक्स, तीनशे बारा पानं,
हेमराजनं नागपूरहून आणलेली, स्पायरल तुटलेली.
वीस बाजूंचा फासा कुणाकडेच नाही,
म्हणून लोणच्याच्या बरणीत वीस चिंचोके,
नेलपॉलिशनं आकडे घातलेले.
तेरा नंबरचा हरवला. त्याच्या जागी सीताफळाची बी.

पुस्तकात मेक्सिकोचं रान आहे,
पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ, काळ्या काचेची सुरी,
आणि छताला उलटा टांगलेला रक्तपित्या,
धड माणसाचं, तोंड वटवाघळाचं,
नाव असं, की घ्यायला गेलं तर तोंडातला खर्रा सांडावा.
आम्ही त्याला वाघळ्या म्हणतो.
त्याच्या चार बहिणी बाळंतपणात मेलेल्या,
चौरस्त्यावर उभ्या राहून लेकरं मागतात.
हे वाचलं तेव्हा देवांगना हसली नाही.
म्हणाली, ह्या तं आपल्या नाक्यावर बी हायेत,
लिंबू ठेवतेत ना लोक त्याहिच्यासाठी.

सूर्य उगवावा म्हणून रक्त द्यायचं, असं पुस्तक म्हणतं.
टिकाराम चौकीदार दारातून ऐकत होता.
"अठी मे महिन्यात सत्तेचाळीस राह्यते,
त्याले पाजणं बंद करा ना बाप्पा."

सुगतनं हमालाचं पात्र घेतलंय.
ना तलवार, ना मंतर, पाठीवर मिठाचं पोतं.
सुगतचं पिवळं कार्ड माझ्याच अक्षरात आहे.
त्याचं रक्त मी भिंगाखाली पाहिलंय,
गोल ताटल्यांच्या गर्दीत विळे,
धान कापायचे, बारीक, मूठ नसलेले.

त्या रात्री वाघळ्यानं त्याला गाठलं.
चिंचोका निघाला एकोणीस. म्हणजे दात मानेत.
म्हणजे नियमानं हमाल संपला.
मी उगाच पानं उलटत होते,
तर तो म्हणाला, थांब ताई.
रक्त माहं हाय.
"हमालाचं आहे," मी म्हटलं.
"अन् हमाल कोणाचा हाय?"

असं कुठी राह्यते का बे, हेमराज म्हणाला.
तरी त्यानंच शोधलं, दोनशे चाळीसपासून पुढे.
विषं होती, आणि शाप अकरा प्रकारचे.
सिकलसेल नव्हतं.
निकाल माझ्यावर आला.

मी सांगितलं,
वाघळ्या एक घोट घेतो.
दुसरा घेत नाही.
त्याचे पंख आखडतात. गुडघे पोटाशी येतात.
हाडांच्या आतून कुणी खिळे ठोकतंय,
हजार वर्षांत त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.
तो फरशीवर पडतो,
त्याच्या भाषेत आईला हाक मारतो.

बाहेर चिंचेवर खरी वाघळं भांडत होती.
देवांगनाची तलवार उपसलेलीच होती.
एक वार, दोन हजार गुण.
"मारू नोको त्याले," सुगत म्हणाला.
"पानी दे. कोमट. लय दे.
अन् चादर टाक आंगावर, थंडी लागली का वाढते."
मग बरणीत हात घातला.
"माहा हमाल त्याच्यापाशी बसते. सकाळलोक."
निघाली सीताफळाची बी.

बी चालते का, यावर रात्री एकपर्यंत भांडण.
मी नळ्यांवर नावं लिहायचा पेन काढला
आणि दोनशे त्रेपन्नाव्या पानाच्या कडेला,
वाघळ्याच्या चित्राखाली लिहिलं,
पिण्याआधी तपासून घ्यावं.
सोमवार ते शनिवार, नऊ ते दोन.