थांबा

आमच्या चौकात पूल झाला
तेव्हा सोसायटीत पेढे वाटले होते.
सिडको ते विमानतळ चार मिनिटं,
गंगाखेडकर सरांनी घड्याळ लावून मोजली.
मीही मोजली.

बस पुलावरून जाऊ लागली
आणि थांबा राहिला खाली,
पत्र्याचा, एका पायानं लंगडा,
‘चिकलठाणा’तला ‘ठा’ गंजलेला.

केशरबाई हिवराळे माझ्याकडे पोळ्या करतात.
त्या सांगतात, खाली उभं राहिलं
की वरचं सगळं ऐकू येतं.
कार गेली तर जोडावर नुसतं टक-टक,
ट्रक गेला तर धाडधाड,
“अन् बस गेली की ताई, आतल्या दांड्या वाजतात.
आपलीच जायलीय, म्हणायचं
अन् चालाय लागायचं.”

रिक्षात वीस रुपये, तेही चौथी सीट,
अर्धं बूड बाहेर.
नऊनंतर चाळीस.
महिन्याचा हिशेब त्यांनी एकदा
ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटानं मांडला.
मी पीठ पुसून घेतलं.

उशीर झाला की मी बोलते,
“थोडं लवकर निघत जा ना.”
कशानं निघायचं
ते माझ्या वाक्यात नसतं.

बायकांनी अर्ज दिला, अकरा सह्या, चार अंगठे.
साहेब म्हणाले, पुलावर थांबा नियमात बसत नाही.
“आम्ही तरी कुठं बसायलोत साहेब,”
नसीमबी म्हणाली, “उभ्याच हाव की.”

मंगळवारी रात्री लग्नाहून परतताना
पुलाच्या ऐन माथ्यावर
माझ्या उजेडात आधी चपला आल्या,
मग पदर, मग एक हात, आडवा.
मी हॉर्न दिला, लांबलचक,
रस्त्यात बसलेल्या म्हशीला देतात तसा.

आरशात मागं सरकताना ओळखू आली
ती पिशवी. साडीच्या दुकानाची,
मीच दिलेली.
पाठीमागून बस येत होती.
थांबली का, ते दिसलं नाही,
मी उताराला लागले होते.

सकाळी केशरबाई वेळेवर.
“राती पुलावर एका गाडीनं काय भोंगा मारला, ताई!
नसीमबीचा डबाच पडला हातातून.”

बस थांबली?

“थांबली की. डायवर म्हणला,
उद्यापासून हात नका करू,
लांबूनच दिसता.”

गाडीचा रंग मी विचारला नाही.
त्यांनी पोळी उलटली,
आणि फडक्यानं कडा दाबत
तव्याकडेच बघत राहिल्या.