निशाणी एकोणतीस

साक्षीदार शपथेवर सांगतो की,
इथून सुरू होतो माझा दिवस.
शिवाजीनगरला उतरून, अर्धा चहा टाकून,
जिना चढून मी मशीनसमोर बसते
आणि परक्या माणसांची तोंडं
माझ्या बोटांतून बोलू लागतात.

सोपान यशवंत गव्हाणे, वय एकोणसाठ.
धंदा: टर्नर. सध्या: काही नाही.
भोसरीच्या कारखान्यात बावीस वर्षं.
मग एका बुधवारी, दुसरी पाळी सुटताना,
फाटकावर त्याच्या डब्यात बेअरिंग सापडलं.
गुरुवारी बडतर्फ. नोटीस नाही, चौकशी नाही.
पत्रात एक ओळ: विश्वास उडाला.
जणू कबुतर होतं,
साहेबांच्या खिडकीत बसलेलं.

केळशीकर वकिलांच्या वाक्यांना इस्त्री असते.
म्हणाले, व्यवस्थापनाची खात्री पटली होती,
प्रामाणिक खात्री,
तिच्या आत न्यायालयाने कशाला डोकवावं?
रक्षकाचा जबाब आहे, पंचनामा आहे,
पंचांच्या सह्या आहेत.
मी टाइप केलं, सह्या आहेत.

आठ वर्षं. तीन न्यायाधीश बदलले.
फाइल जाड होत गेली, गव्हाणे बारीक.
दिघीहून दोन बस बदलून यायचा,
बाकाच्या टोकाला बसायचा,
मांडीवर कापडी पिशवी.
मला वाटायचं, कागद असतील.

उबाळे मॅडम चौथ्या.
युक्तिवाद संपला होता, केळशीकर पेनाला टोपण लावत होते,
तेव्हा मॅडमने विचारलं, डबा कुठंय?
कुणालाच कळेना, कुठला डबा.
पंचनाम्यात लिहिलं होतं: बेअरिंग जप्त,
डबा कामगारास परत.
बाकावरून आवाज आला, हाये की, हितंच.
पिशवीतून निघाला. लांबट, स्टीलचा, कडीचा,
झाकणावर बायकोचं नाव कोरलेलं.
आठ वर्षं प्रत्येक तारखेला तो घेऊन येत होता.
विचारलं नव्हतं कुणी.
मीसुद्धा.

हरकत आहे, केळशीकर म्हणाले.
हरकत नोंदवा, मॅडम म्हणाल्या, आणि बेअरिंग आणा.

पुढच्या तारखेला ते आलं, लाखेचं सील लावून.
मॅडमने स्वतः डब्यात ठेवलं.
खण्ण.
या आवाजासाठी माझ्याकडे कळ नाही.
बसलं. सपशेल बसलं.
गव्हाणे खाली बघत राहिला.
मग मॅडमने झाकण लावलं
आणि झाकण लागेना.
दाबलं, तिरकं केलं, पुन्हा दाबलं.
माझ्याकडून पट्टी मागितली,
मुलीची जुनी, मागे पाढे छापलेली.
लिहा: झाकण व काठ यांमधील अंतर सतरा मिलिमीटर.

रक्षक पोळ म्हणाला होता,
झाकण घट्ट होतं, कडी लावलेली होती, मी उघडलं.
पान अकरा, ओळ सहा.
तेही याच बोटांनी टाइप केलेलं,
तेव्हा एक अक्षरही अडखळलं नव्हतं.

केळशीकर म्हणाले, डबा दुसरा असेल.
असेल, मॅडम म्हणाल्या. तोही बघू.
फाटकाचं रजिस्टर आणा, स्टोअरच्या चिठ्ठ्या आणा,
आणि हा पंच क्रमांक दोन,
ज्याची नुसती सही आहे, तो माणूस आणा.
त्यांचा आवाज चढला नाही.
बाई दुकानात तांदूळ हातावर घेऊन बघते
तसा होता.

गव्हाणेनं चोरी केली की नाही,
मला माहीत नाही.
मॅडमनाही नाही.
त्या खोलीत इतकी मोठ्याने कबूल केलेली
ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

डब्याला निशाणी पडली, एकोणतीस.
आता तो न्यायालयाच्या ताब्यात.
गव्हाणेला मी पावती दिली.
त्यानं ती उलटसुलट पाहिली, विचारलं,
परत मिळंल ना, बाई?
निकालानंतर, मी म्हटलं.

रिकाम्या पिशवीची त्यानं चौकोनी घडी घातली,
खिशात मावेना, पुन्हा घडी घातली,
आणि जिना उतरताना
त्याचा डावा हात
सवयीनं
काहीतरी धरल्यासारखा वाकलेलाच राहिला.