रुसायला जागा

यान निखतनं काढलं, सहावी ब,
आजोबांच्या बिलबुकाच्या पाठीवर, जांभळ्या स्केचपेननं.
गोष्ट माझी. चार महिने स्टॉक रजिस्टरात लिहितोय
आणि तेविसाव्या पानावर अडकलोय:
यान केवढं, आत माणसं किती.

म्हणून मोंढ्यामागं, खाजाभाई मंडपवाल्याच्या गोदामात.
सेलूतली एप्रिलची दुपार, कनातींच्या थप्प्या,
पालथ्या कढया, झुंबराला पोत्याची टोपी.
त्यानं कागद हातभर लांब धरला.
'सर, पयले सांगा, पानं किती?'
'तेच तर काढायचंय.'

कागदावर माप कळणारी वस्तू एकच, दार.
पोटाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं.
दार म्हणजे सात फूट.
नखानं दाणा दाणा सरकत शेपटीपर्यंत गेलो:
पंचाहत्तर.
पाचशे पंचवीस फूट, मी म्हणालो.
पस्तीस गाळे, तो म्हणाला.
(पंधरा बाय पंधराचा एक. दुसरं माप त्याला चालत नाही,
ईदगाहसुद्धा तो गाळ्यांत सांगतो.)
रुंदी आठ. मजले पाच.
टोकं निमुळती, तिथं कनात ताणत नाही, चौथाई सोडा.
उरल्यातलं निम्मं इंजिनाला, पाण्याला, सिलिंडरला.
उरले गाळे पाचशे पंचवीस.
आकडा फिरून तोच आला
तेव्हा दोघंही जरा गप्प झालो.

'गाळ्याला वीस माणसं,' मी घाईनं गुणलं, 'साडेदहा हजार!'
'बसतेत. लग्नात. तीन तास.
तुमचं वऱ्हाड किती दिवस?'
'एकशे ऐंशी वर्षं.'

त्यानं कागद खाली ठेवला,
माठातलं पाणी प्याला, मला विचारलं नाही.
'मग रुसायला जागा लागंल, सर.
एका दिवसाचं लग्न, तरी कुणीतरी रुसून
जनरेटरच्या मागं जाऊन बसतंच.
त्याची जागा मी आधीच धरतो.
हितं तर जन्मभर.
माणसामागं एक गाळा राहायला, एक रुसायला.'

दोनशे बासष्ट. वर एक गाळा शिल्लक.
'तो राहू द्या. मयतीला लागतो.'

माझी यादी: कप्तान, दिशा बघणारे, तोफवाले चार.
तोफवाल्यांवर त्यानं काट मारली. 'कामून? कुणावर?'
आणि खाली लिहवून घेतलं:
आचारी नऊ. वाढपी. न्हावी.
लेकरं निजवणारी एक, जिला स्वतःला झोप कमी.
शेवटच्या पंगतीला जेवणारा एक,
कारण सगळे जेवले का हे त्यालाच ठाऊक असतं.
मंडप सोडणारे दोन.

'उतरायचं नाहीये त्यांना, खाजाभाई.
बसतील ते वाटेतच संपतील. उतरतील ती पतवंडं.'
'मंग तर गाठ जपून मारा.
आपल्याला नाही, दुसऱ्याला सुटली पायजे.'

पाच वाजता निखत आली, दप्तर एका खांद्यावर.
आमची आकडेमोड वाचली, खालून वर.
'हे दार नाही, सर. खिडकी आहे. एक फुटाची.
दार पलीकडच्या बाजूला, इथून दिसत नाही.'

सात फुटांचा एक फूट झाला.
यान पाच गाळ्यांचं, दोन मालट्रक मागंपुढं.
पण माणसं सातानं भागून भागत नाहीत.
लांबी, रुंदी, उंची, तीनदा भागावं लागतं,
दर वर्षी वर्गात सांगतो मी हे.
तीनशे त्रेचाळीस.
दोनशे बासष्टला भागलं. पुन्हा भागलं.
पाऊण माणूस.

खाजाभाई हसला नाही.
नऊ आचाऱ्यांवर बोट ठेवून बसून राहिला.

'पाऊण ना?' निखत म्हणाली.
'मला एसटीत अजून अर्धंच तिकीट लागतं. मी मावते की.
चहा येतो मला.'

'आणि रुसलीस तर?'

तिनं जांभळं पेन काढलं,
दाण्याएवढ्या चौकोनात एक ठिपका दिला, बहुतेक डोकं.
'मग खिडकी कशाला ठेवलीय?'
आणि दप्तर तिथंच टाकून
माठाकडं गेली.